जाताना एक, येताना दोन

माग थांबला की रंजिताला कळायचं, सासऱ्यांना काहीतरी बोलायचं आहे. एरवी सकाळचा चहा झाला की अड्याळच्या त्या घरात धोट्याची खटखट सुरू व्हायची ती दुपारच्या जेवणापर्यंत, आणि घरातलं सगळं बोलणं त्या आवाजाच्या वरून चालायचं. बाहेरच्या माणसाला वाटायचं, निमज्यांच्या घरी भांडण जुंपलंय. प्रत्यक्षात तिथं डाळीत मीठ किती घालायचं एवढंच बोलणं सुरू असायचं.

त्या दिवशी माग जेवणाच्या बराच आधी थांबला. नंदलाल निमजे मागाच्या खड्ड्यातून हात टेकत वर आले, स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहिले आणि नेहमीप्रमाणे आत न पाहता, शेजारच्या भिंतीकडे बघत म्हणाले, "रंजिता, रेल्वेची तिकिटं काढाची होती. मोनिकाच्या गावची."

रंजिता त्यांची सून. भूषणशी लग्न होऊन ती साकोलीहून या घरात आली त्याला दहा-अकरा वर्षं झाली होती, पण मामाजी अजून तिच्याशी दारातूनच बोलायचे. राग नव्हता, लोभही नव्हता असं नाही. त्यांची रीतच तशी होती. पूर्वी मधे सासूबाई, शोभाताई असायच्या; रंजिता त्यांना आत्याबाई म्हणायची. मामाजी शोभाताईंना सांगायचे, शोभाताई रंजिताला सांगायच्या, आणि उत्तर त्याच वाटेने परत जायचं. दोन वर्षांपूर्वी शोभाताई गेल्या आणि मधलं माणूसच उरलं नाही. तेव्हापासून ही भिंत.

रंजिताने गॅस बारीक केला. तिकिटं काढण्याचं काम तिला नवं नव्हतं. घरातलं विजेचं बिल, कोशाच्या रेशमी साड्यांच्या मोबाइलवरून येणाऱ्या ऑर्डरी, पोरीच्या शाळेचे अर्ज हे सगळं तीच बघायची. गल्लीतल्या कुणाला तिरुपतीला जायचं असलं की आधी तिच्याकडे यायचे. तिने विचारलं, तारीख तीच ना, विमान उतरतं ती? मामाजी हो म्हणाले. मग त्यांनी पुढचं सांगितलं.

"जातांना एक काढ. येतांना दोन."

रंजिताच्या हातातला झारा तसाच राहिला.

मोनिका म्हणजे भूषणची धाकटी बहीण. लग्नानंतर नवऱ्याबरोबर जर्मनीतल्या न्यूरेम्बर्गला गेली आणि तिथंच औषधांच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला लागली. नवरा प्रितम, भंडाऱ्याचाच, शांत मुलगा. गेल्या दसऱ्यात तिने गोड बातमी सांगितली तेव्हा मामाजींनी सगळ्या गल्लीत पेढे वाटले होते आणि स्वतः पासपोर्ट काढायला नागपूरला गेले होते. आईऐवजी बापाने जायचं ठरलं होतं. बाळ झाल्यावर महिनाभर राहून यायचं. व्हिसाचे कागद गेले, विमानाचं जाऊन-येऊन तिकीट झालं. आणि संक्रांत होऊन थोडे दिवस झाले असतील नसतील, प्रितमचा फोन आला. सहावा महिना होता. बाळ राहिलं नाही.

त्यानंतर मोनिका फोनवर एकच सांगायची, मी ठीक आहे. आठवड्याभरात ती कामावर रुजूही झाली. मामाजींशी बोलताना ती हवामानाबद्दल बोलायची. तिथं बर्फ किती पडला, इथं ऊन किती तापलं. रंजिताशी बोलतानाही फार वेगळं नसायचं. पण एकदा बोलता बोलता ती म्हणून गेली की अंगावर दूध आलं होतं आणि त्याचं काय करायचं ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. एवढं बोलून तिने विषय बदलला होता. रंजिताने ते भूषणला सांगितलं आणि भूषणने बापाला.

व्हिसा नंतर आला. सगळ्यांना वाटलं, आता हे जाणं रद्द. प्रितमनेही फोनवर सुचवलं होतं, बाबा, तुम्हाला इथं कंटाळा येईल, नंतर सवडीने या. मामाजी म्हणाले होते, येतो तर आताच येतो. प्रितम विमानतळावर घ्यायला येतो म्हणाला तर मामाजी नको म्हणाले. का नको ते कुणालाच कळलं नव्हतं. आज, येताना दोन म्हटल्यावर, रंजिताला ते कळलं.

मामाजी पाहुणे म्हणून जात नव्हते. ते मुराळी म्हणून जात होते. लेकीला सासरहून माहेरी आणायला बाप किंवा भाऊ जातो, तो मुराळी. त्याला घ्यायला कुणी येत नसतं, तो आपल्या पायाने दारापर्यंत जातो, सासरच्या माणसांचा चहा घेतो, आणि मग म्हणतो, पोरीले न्यावं म्हनतो. तोवर तो काही सांगत नाही. आधी कळवलं की नाही म्हणायला सवड मिळते.

"मोनिकाताईले मालूम हाये?" रंजिताने विचारलं.

"मुराळी कधी विचारून जाते का?" मामाजी भिंतीला म्हणाले.

"आन् विमानाचं? तुमचं तं एकट्याचंच हाये ना."

"त्याचं मंग पाहू. पोरगी घरून उठून टेसनावर आली म्हंजे अर्धं काम झालं."

जेवणं झाल्यावर रंजिता पडवीत लॅपटॉप घेऊन बसली. मामाजींनी खुर्ची आणली आणि दोन हात अंतर ठेवून बसले. चष्मा लावला. हातात धोट्यात घालायची सुताची एक कांडी होती, तीच बोटांत फिरवत राहिले.

तिथल्या रेल्वेचं संकेतस्थळ रंजिताने आधी पाहिलेलं होतं. गाड्यांच्या वेळा दिसाव्यात म्हणून मोनिकानेच आपलं खातं आणि पासवर्ड तिला पाठवून ठेवला होता. रंजिताने फ्रँकफर्टचं विमानतळ टाकलं, न्यूरेम्बर्ग टाकलं, तारीख टाकली, परतीची तारीख टाकली. प्रवासी किती, म्हणून विचारलं. एक टाकलं तर जाताना एक आणि येतानाही एक. दोन टाकलं तर दोन्हीकडून दोन. मधलं काही जमेना. तिने मागे जाऊन पुन्हा करून पाहिलं, परतीच्या रकान्यावर बोट आपटून पाहिलं. नाहीच.

मामाजींनी विचारलं, काय अडलं? तिने सांगितलं, हे लोक म्हणतात जितके जातील तितकेच परत यायला पाहिजेत.

मामाजी विचारात पडले. मग म्हणाले, "काहून? त्यायच्यात लेकीले आनाले कोनी जात नाई?"

रंजिताने आधीचं भरलेलं सगळं पुसलं. तिने दोन वेगळी तिकिटं काढायचं ठरवलं, एक नुसतं जाण्याचं आणि एक नुसतं येण्याचं. पहिलं सरळ झालं. वय ज्येष्ठ, नाव नंदलाल निमजे. शहापूरला माल पोचवायला गेलेल्या भूषणच्या फोनवर ओटीपी गेला, त्याने तो सांगितला, पैसे गेले.

दुसऱ्या तिकिटाला नावं टाकताना तिने एकदा मामाजींकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. तिने मोनिकाचं नाव टाकलं. मग डब्याचा नकाशा उघडला. दोन-दोन खुर्च्यांच्या ओळी, काही भरलेल्या, काही मोकळ्या. एक मोकळी जोडी सापडली तिथं तिने खिडकीवर बोट ठेवलं आणि ती खुर्ची रंगली.

"हे काय झालं?" मामाजी पुढे वाकले.

"जागा धरली, मामाजी. आता ही दुसऱ्या कोनाले भेटनार नाई. आपन खिडकीतून दुपट्टा टाकतो ना बसमंदी, तसं."

बोलून झालं आणि तिला वाटलं, हे बोलायला नको होतं. मामाजी मागे टेकले. कांडी बोटांत फिरायची थांबली.

दोघांनाही आठवली ती रंजिताची लग्नानंतरची पहिली दिवाळी. साकोलीहून तिचे वडील मारोतराव तिला न्यायला आले होते. खांद्यावर दुपट्टा, हातात चिवड्याचा डबा. त्या वर्षी एका प्रदर्शनासाठी साड्यांची मोठी ऑर्डर होती आणि कांड्या भरायला हात कमी पडत होते. मामाजींनी मारोतरावांना पाटावर बसवलं, चहा दिला, बरोबरीने पान खाल्लं आणि सांगितलं, या वर्षी जमत नाही, पुढच्या वर्षी न्या. मारोतराव बरं म्हणाले. आत दाराआड रंजिताची पिशवी भरून ठेवलेली होती. भूषण त्यांना स्टँडवर सोडून आला आणि संध्याकाळी माग बंद असताना त्याने बायकोला सांगितलं: बस लागल्या लागल्या मारोतरावांनी खिडकीतून दुपट्टा टाकून दोघांची जागा धरली. आत जाऊन स्वतः बाहेरच्या बाजूला बसले. खिडकीकडची जागा रिकामी, तिच्यावर दुपट्टा. कंडक्टर म्हणाला, उचला. हे म्हणाले, पोरगी येऊन राहिली. बस सुटेपर्यंत त्यांनी तो उचलला नव्हता.

रंजिता त्यावर कधी काही बोलली नाही. पुढच्या वर्षी तिला पाठवलं, त्याच्याही पुढच्या वर्षी पाठवलं, पण मारोतराव पुन्हा न्यायला आले नाहीत. भूषणच तिला मोटरसायकलवर सोडून यायचा. त्यांचे गुडघे दुखतात, असं ती सांगायची. ते खरंही होतं.

"खिडकी कोनाची धरली?" मामाजींनी विचारलं.

"मोनिकाताईची."

"बरं केलं."

दुसऱ्यांदा ओटीपीसाठी फोन लावला तेव्हा भूषण गोंधळला. शहापूरच्या दुकानात त्याच्यासमोर गिऱ्हाईक उभं होतं. बाबा तर एकटेच चालले ना, ही दोन कुणाची, असं त्याने दोनदा विचारलं. रंजिता म्हणाली, "अहो, ओटीपी सांगा आधी, मुदत जाऊन राहिली. बाकी घरी या मंग सांगतो." त्याने सांगितला. पैसे गेले.

आणि मग पडद्यावर एक ओळ आली. तुमची दोन्ही तिकिटं तुमच्या ईमेलवर पाठवली आहेत. खाली पत्ता होता. रंजिताने तो वाचला आणि पुन्हा वाचला. खातं मोनिकाचं होतं. पत्ता मोनिकाचा होता. आपल्याकडे तिकीट तिथंच पडद्यावर उमटतं, त्याच सवयीने ती बसली होती. ते कुणाच्या पेटीत जाऊन पडेल हे तिने पाहिलंच नव्हतं.

मामाजी तोवर उठून मागावर गेले होते. रंजिता मागाच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. या खेपेला दारात ती होती आणि नजर भिंतीकडे तिची होती. तिने काय झालं ते सांगितलं.

"म्हंजे तिले दिसन?"

"दिसलंच असन, मामाजी. माह्याकडून चूक झाली."

मामाजींनी धोटा हातात घेतला, पुन्हा खाली ठेवला. ते रागावतील असं तिला वाटलं होतं. ते हळूच म्हणाले, "मी दारात उभा राहून सांगनार होतो तिले." आणि त्यांनी ताण्यावरची एक न तुटलेली तार चाचपायला घेतली.

फोन तासाभरात आला. तिकडे जेवणाची सुट्टी असावी. मागे भांड्यांचा आणि परक्या बोलण्याचा आवाज येत होता. रंजिता फोन घेऊन अंगणात आली. मागाच्या खोलीची खिडकी अंगणातच उघडते. आत माग सुरू होता. तिने "बोला ताई" म्हटलं आणि माग थांबला.

मोनिका घाईत होती. "वहिनी, तिकिटं आली. पण एक गडबड झाली तुझ्याकडून. येतांनीच्या तिकिटावर माझंबी नाव पडलं. मी रद्द करून टाकू का ते? लवकर केलं तं पैसे वापस भेटतात."

सोपी वाट समोर होती. हो म्हटलं असतं तर सगळ्यांचंच झाकलं गेलं असतं. मामाजी गेले असते, महिनाभर राहिले असते, आणि दारात उभं राहून बोलायचं ते बोललेही असते कदाचित, किंवा चहा पिऊन मनातच ठेवलं असतं. रंजिताने खिडकीकडे पाहिलं. आतून काहीच आवाज नव्हता.

"गडबड नाई झाली, ताई," ती म्हणाली. "मामाजी तुमाले आनाले येऊन राहिले."

पलीकडे भांडी वाजत राहिली. मग कुठंतरी दार लागल्याचा आवाज झाला आणि भांड्यांचा आवाज कमी झाला.

"मले?" मोनिका म्हणाली. तिने हसायचा प्रयत्न केला. "मी का आता नवी नवरी हाओ?"

"पोरगी हा ना तुमी."

"बाबांनी सांगितलं असं?"

"बाबायनं भिंतीले सांगितलं. मी आयकलं."

या वेळी मोनिका खरंच हसली, पण ते हसू मधेच मोडलं. तिचा आवाज एकदम लहान झाला. "वहिनी, आई नाई तिथं. मी कोनाकडे येऊ?"

हे तिने दुखवायला म्हटलं नव्हतं. आपण काय बोललो हेही तिच्या ध्यानात आलं नसावं. पण रंजिताला ते लागलं. दहा-अकरा वर्षं तिने या घरात कांड्या भरल्या होत्या, शोभाताईंच्या शेवटच्या दुखण्यात त्यांची पाठ धुतली होती, आणि तरी या पोरीच्या हिशोबात या घरात आता कुणीच नव्हतं. क्षणभर तिच्या तोंडाशी आलं, मी नाही का? पण ते मागण्यासारखं झालं असतं. आणि माहेर मागून देता येत नाही, ते मांडून ठेवावं लागतं, एवढं तिला कळत होतं.

"आत्याबाईची बाज मी माळ्यावरून खाली काढली," ती म्हणाली. "नेवार धुवून नवी विनून ठेवली. शेगडी हाये, गोवऱ्या हायेत. डिंक आनून ठेवला. माह्या दुसऱ्या खेपेले आत्याबाईनं मले जसं शेकलं, तसं मी तुमाले शेकतो. बाळंतीन ते बाळंतीन, ताई. बाळ राहिलं का नाई राहिलं, अंगाले ते सांगता येत नाई. अंगाचं करा लागते."

रंजिताच्या त्या दुसऱ्या खेपेलाही बाळ राहिलं नव्हतं. मोनिकाला ते ठाऊक होतं. तेव्हा ती कॉलेजात होती. घरात कुणी त्यावर बोलायचं नाही म्हणून तीही कधी बोलली नव्हती.

मोनिका म्हणाली, "वैशाखाच्या उन्हात माह्या बाजेखाली शेगडी ठेवशीन तू?"

"ठेवीन. ओरडा तुमी."

मोनिका म्हणाली, सुट्टीचं बघावं लागेल. प्रितमशी बोलावं लागेल. आत्ता ती काही सांगत नाही. तिकीट सध्या असू दे, दोन-तीन दिवसांत काय ते बघते. एवढं सांगून तिने फोन ठेवला. बाबांना दे म्हणाली नाही.

माग पुष्कळ वेळ बंदच होता. रंजिता काही त्या खिडकीशी गेली नाही, आणि मामाजीही बाहेर आले नाहीत. ती सरळ आत गेली, शिडी लावली आणि माळ्यावर चढली. कारण बाज अजून माळ्यावरच होती. तिच्यावर जुन्या कणग्या रचलेल्या होत्या आणि नेवार, म्हणजे तिची विणलेली सुती पट्टी, उंदरांनी दोन ठिकाणी कुरतडली होती.

दुसऱ्या दिवशी तिने नेवार सोडवून धुतली, वाळवली, तुटलेल्या जागा शिवल्या आणि अंगणात बाज उलटी-सुलटी करत विणायला घेतली. एकट्याने नेवार ताणून धरणं कठीण. एक पट्टी ओढली की आधीची सैल पडायची. मामाजी मागाच्या खिडकीतून थोडा वेळ बघत राहिले. मग बाहेर आले, बाजेच्या दुसऱ्या अंगाला जमिनीवर बसले आणि पट्टीचं टोक हातात घेतलं.

"तुही बाजू ढिली हाये," ते म्हणाले. हे मात्र त्यांनी भिंतीला सांगितलं नाही.

रंजिताने ओढलं. एक वरून, एक खालून, अशी पट्टी इकडून तिकडे जात राहिली. काम मागासारखंच होतं, फक्त धोट्याच्या जागी दोन माणसं. अर्धी बाज झाल्यावर मामाजी म्हणाले, "मारोतराव त्या दिवशी बाहेरच्या अंगाले बसले होते म्हनते."

कोणत्या दिवशी, हे तिने विचारलं नाही. "हव. ह्यायनं सांगितलं होतं."

"खिडकी मोकळी होती."

"हव."

मामाजींनी पट्टी ताणून धरली. बोटांची पेरं पांढरी पडली होती. संध्याकाळपर्यंत बाज पुरी झाली.

तीन दिवस झाले तरी मोनिकाचा फोन आला नाही. रंजिता दिवसातून कितीदा तरी तिकीट उघडून पाहायची. दोन नावं तशीच होती. भूषणला आता सगळं कळलं होतं. तो म्हणाला, बाबांना आतापासूनच सांगून ठेवू, आली नाही तर मनाला लावून घेऊ नका. रंजिता म्हणाली, तुम्ही नका सांगू काही. मामाजींनी त्या दिवसांत साडीचं काम बाजूला ठेवून दुसऱ्या, रिकाम्या मागावर काहीतरी लावलं होतं. भूषणला वाटलं, जावयासाठी उपरणं असेल. रंजितालाही तसंच वाटलं.

चौथ्या दिवशी सकाळी मामाजी दाराशी आले. हातात मागावरून नुकताच कापलेला दुपट्टा होता, पांढरा, काठाला कोशाची बारीक किनार. त्यांनी तो दाराच्या चौकटीवर ठेवला.

"हा साकोलीले धाडून दे," ते म्हणाले. "मारोतरावले म्हन, दिवाळीले या. जागा धराले कामी येईन."

रंजिताने तो उचलला. कोऱ्या कापडाला खळीचा वास होता. मामाजी तिथं थांबले नाहीत. जाता जाता एवढंच म्हणाले की मारोतरावांचे गुडघे दुखत असतील तर भूषण त्यांना साकोलीहून घेऊन येईल. आणि मग स्वतःच थांबले, कारण मुराळ्याला आणायला कुणी जात नसतं हे त्यांनाच आठवलं असावं. "नाई, येतीन ते," ते म्हणाले आणि मागावर गेले.

त्याच दुपारी मोनिकाचा फोन आला. या खेपेला मागे भांडी नव्हती, ती घरी होती. तिच्या आवाजात ती शाळेत असतानाची जुनी कटकट होती, जी रंजिताने कितीतरी महिन्यांत ऐकली नव्हती.

"वहिनी, हे काय करून ठेवलं तू? खिडकी माह्या नावानं काहून धरली? बाबांनी तो देश कधी पाह्यला हाये का? त्यायले खिडकीत बसव. मी रोज पाहतो ते शेतं. मी बाहेर बसतो."

रंजिता उभी होती ती स्वयंपाकघरात आणून टाकलेल्या बाजेवर बसली. नव्याने विणलेली नेवार करकरली.

"म्हंजे येऊन राहिल्या तुमी?"

"सुट्टी भेटली. प्रितमनं त्याच विमानाचं काढून देल्लं. दीड महिना राहतो म्हटलं, तं म्हने रहा." मग म्हणाली, "त्यायनंच आधी म्हटलं, जा म्हनून. आपल्याले हे सुचाले पाह्यजे होतं म्हने."

माग थांबलेला होता. मामाजी कधी येऊन उभे राहिले ते रंजिताला कळलं नाही. ते स्वयंपाकघरात होते, उंबरठ्याच्या आत, आणि थेट तिच्याकडे बघत होते. तिने फोन जरा दूर धरला आणि सांगितलं, मोनिकाताई म्हणतात, खिडकीत बाबांना बसवा.

मामाजींचा चेहरा हलला. चष्मा काढून त्यांनी तो आपल्या खांद्यावरच्या दुपट्ट्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. मग शेजारच्या दोन घरांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "तिले सांग, वापस येतांनी खिडकी पोरीची असते. मी बाहेर बसीन."

"आयकलं मी," पलीकडून मोनिका म्हणाली. आणि मग, नाक ओढत, "बरं. राहू दे मंग तसंच."

मामाजी मान हलवून परत गेले. खड्ड्यात उतरताना त्यांचे गुडघे वाजले, आणि खटखट सुरू झाली. मोनिका काहीतरी विचारत होती, डिंक कुठून आणला, की तिकडून काही आणायचं का, असंच काहीसं. रंजिताला नीट ऐकू येईना. तिने फोन कानाशी दाबला आणि नेहमीसारखा आवाज चढवला.

"जोऱ्यानं बोला ताई," ती म्हणाली. "माग सुरू हाये."